बिनआवाजी गाडीचे सहा फायदे

आमच्या इमारतीच्या वाहनतळात तेव्हा चौदा वाहनं होती: दोन मोटारी, आठ दुचाक्या, तीन सायकली आणि एक बाबागाडी. बाबागाडीतलं बाळ आता कॉलेजात जातं, पण तिच्यात इमारतीतल्याच भूगोलबाई कुंड्यांची माती साठवतात, म्हणून मी तिला चालू वाहनांत धरते. या चौदांपैकी नुसत्या आवाजावरून ओळखू येईल असं वाहन एकच होतं, आणि ते आमचं होतं.

ती बाबांची जुनी स्कूटर. सगळी इमारत तिला ‘तोफ’ म्हणायची. रोज संध्याकाळी ती बेकरीच्या कोपऱ्यावर वळली की ऐकू यायला लागायची, फाटकातून आत येताना खिडकीच्या काचा हलवायची आणि जिन्याखाली बंद केल्यावरसुद्धा दोनदा खोकून मगच गप्प व्हायची.

मी ध्वनिमापक यंत्रं तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्यांनी मोजलेला आवाज खरोखर तेवढाच आहे का, हे बघायचं काम. एकदा मी एक मापक घरी आणला, स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला आणि खिडकी उघडी ठेवून थांबले. रिकामं स्वयंपाकघर: अडतीस डेसिबल. तोफ फाटकातून आत येताना: शहात्तर.

“म्हणजे बरोबर दुप्पट,” आई म्हणाली.

मी तिला सांगायला लागले की डेसिबल दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, हे प्रमाण लॉगरिदमचं असतं, आणि लॉगरिदम म्हणजे काय, तर... तेवढ्यात तिला दोरीवरचे कपडे आठवले. लॉगरिदम म्हटलं की आमच्या घरात लोकांना कामं आठवतात.

पण त्या आकड्याने माझ्या डोक्यात घर केलं. आवाज म्हणजे इंजिनाने वाया घालवलेली ऊर्जा. बाबा पाणीपुरवठा खात्यात नोकरीला, शिवाय इमारतीचे सेक्रेटरी. नळातून थेंब वाया गेला तरी त्यांना झोप येत नाही. आणि हाच माणूस रोज एवढी ऊर्जा हवेत उधळत घरी येतो! मी एका कागदावर विजेच्या स्कूटरचे सहा फायदे लिहिले. धूर नाही. इंजिन ऑइल नाही. पंपावरची रांग नाही. किक मारावी लागत नाही, म्हणजे बाबांचा गुडघा सुटला. चार्जिंग घरच्या घरी. आणि सहावा, ज्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या: आवाज नाही.

बाबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मुद्देसूद आहे.” आमच्या घरात याहून मोठं कौतुक अजून कुणाचं झालेलं नाही.

बातमी फुटली आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरच्या भूगोलबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, “अगं, चढावर दमते म्हणे ती.” मी विचारलं, आपल्या गावात चढ आहे कुठे? त्या म्हणाल्या, “तसा नाहीये. पण लागला तर?” दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टकाकूंचं मत होतं की बॅटरी दातासारखी असते, वरून ठणठणीत दिसते आणि आतून संपत आलेली असते, दर सहा महिन्यांनी उघडून बघावी. पहिल्या मजल्यावरच्या बागवाल्या काकांच्या बाल्कनीत माणसाला उभं राहायला जागा नाही एवढी झाडं आहेत. त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. “हिचा आवाज किती येतो?”

“येतच नाही,” मी अभिमानाने सांगितलं.

काकांचा चेहरा पडला. मला वाटलं, त्यांना माझं खरं वाटलं नाही.

स्कूटर आली. तोफ आम्ही प्लंबरला दिली. तो दोन गल्ल्या पलीकडेच राहतो आणि त्याच्या पाइपांच्या खडखडाटात तोफेचा आवाज कुणाला वेगळा कळणार नव्हता. मग प्रश्न आला चार्जिंगचा. वाहनतळात प्लग बसवायचा तर सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते, असा नियम आहे. नियम बाबांनीच केलेला आहे.

बाबांनी अर्ज लिहिला आणि जिन्याखालच्या सेक्रेटरींच्या पेटीत टाकला. मग वर येऊन चहा घेतला. मग रविवारी खाली जाऊन पेटी उघडली, अर्ज वाचला आणि परत पाठवला, कारण त्याला जागेचा नकाशा जोडलेला नव्हता.

“बाबा, सेक्रेटरी तुम्हीच ना?”

“म्हणूनच. उद्या कुणी म्हणायला नको की घरच्या माणसाचं काम पटकन केलं.”

“घरचा माणूस नाही हो. तुम्ही स्वतः आहात ते.”

“मग तर जास्तच काटेकोर राहायला हवं.”

तोपर्यंत बॅटरी स्कूटरमधून काढून तीन जिने चढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरच्या घरी चार्जिंग हा फायदा माझ्या यादीतला होता. बॅटरीला वर एक छोटं हँडल असतं, पण ते हाताला रुततं. त्यामुळे ती कडेवर घेऊन, पाठीमागून हाताने आधार देत चढावं लागायचं. दर मजल्यावर एक दार उघडायचं. “झोपलं का गं बाळ?” डेंटिस्टकाकू विचारायच्या. भूगोलबाईंनी तर बाबागाडी देऊ केली. भौतिकशास्त्रातली पदवी घेताना मी या दिवसाची कल्पना केली नव्हती.

दुसऱ्या खेपेला अर्ज नकाशासह आला आणि मंजूर झाला. बाबांनी स्वतःचे आभार मानणारी एक ओळही लिहिली होती. ती मी त्यांना खोडायला लावली.

सहावा फायदा मात्र त्याआधीच, गाडी आली त्याच दिवशी सुरू झाला होता.

पहिल्याच संध्याकाळी बाबा फाटकातून आत आले, स्कूटर लावली आणि बागवाल्या काकांच्या बाल्कनीखाली उभे राहिले, तर त्यांच्या हेल्मेटवर पाणी. वर काका नळीने झाडांना पाणी घालत होते. नळीने पाणी घालायला इमारतीत बंदी आहे, मग्ग्याने घालायचं असतं. काका वर्षानुवर्षं नळीनेच घालत आले होते. फक्त बेकरीच्या कोपऱ्यावर तोफ ऐकू आली की नळी बंद करून मग्गा हातात घ्यायचे.

“अहो, ही कुठली पद्धत?” बाबा खालून ओरडले.

“मग्गा... मग्गा धुवत होतो,” काका म्हणाले, नळी तशीच चालू.

मग भूगोलबाई अंगणात पाखरांना पावाचा चुरा टाकताना सापडल्या. चुऱ्याने मुंग्या येतात म्हणून तोही बंद आहे. मग डेंटिस्टकाकूंची मोटार दोन जागा अडवून तिरपी लावलेली सापडली. मग दिवसाढवळ्या जळणारा जिन्यातला दिवा. बाबा रोज घरात शिरताना चेहऱ्यावर एक तेज घेऊन शिरायचे. “तुझा तो सहावा मुद्दा,” ते मला म्हणाले, “मी सुरुवातीला फार गांभीर्याने घेतला नव्हता. फारच उपयुक्त निघाला.”

मी खूश होते. संशोधकाचं अनुमान अपेक्षेपेक्षा जास्त खरं ठरलं की जसं वाटतं तसं वाटत होतं. जिन्यात भेटणारी माणसं माझ्याशी थोडी कमी बोलायला लागली होती, पण त्याचा संबंध मी बॅटरीशी लावला होता.

पुढच्या आठवड्यात, ज्या दिवशी मी लवकर घरी आले, त्या दिवशी खरा प्रकार घडला.

आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी आईची बैठक असते. भूगोलबाई, डेंटिस्टकाकू आणि आई. चहा असतो, बिस्किटं असतात, मटार सोलायचे असतील तर तेही असतात. आणि हसणं असतं. माझी आई एरवी हळू बोलणारी बाई, पण तिला नकला येतात. बँकेतल्या बाईची, माझ्या आत्याची, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्याची. हे मला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं. कारण तोफ कोपऱ्यावर वळली की भूगोलबाई कप विसळायच्या, डेंटिस्टकाकू टरफलं गोळा करायच्या, आणि बाबा दारात येईपर्यंत आई एकटी शांतपणे ओटा पुसत असायची.

त्या दिवशी आई ओट्यापाशी उभी होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. “नागरिकहो!” ती जाड आवाजात म्हणाली. “हा नळ नाही, ही आपली जबाबदारी आहे! काल संध्याकाळी टाकीपाशी मला काय आढळलं? थेंब! एक थेंब!”

डेंटिस्टकाकू पोट धरून हसत होत्या. भूगोलबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. तिघींची दाराकडे पाठ होती. दाराकडे तोंड होतं फक्त माझं, आणि दारात हेल्मेट हातात घेऊन बाबा उभे होते.

मी भुवया उंचावल्या. आईला वाटलं, मला नक्कल आवडली. मी डोळे मोठे केले. आईला आणखी जोर आला. “आज एक थेंब, उद्या दोन! परवा? परवा आपण सगळे कोरडे! अपव्यय, नागरिकहो, अपव्यय!”

मग तिने मी बघत होते तिकडे वळून बघितलं.

“पाणी प्यायला आलो होतो,” बाबा म्हणाले.

आईने हातातला पेला त्यांना दिला. त्यांनी तो पूर्ण संपवला, तळाशी थेंबही ठेवला नाही, मग पेला चमचाभर पाण्यात विसळून पालथा घातला आणि आतल्या खोलीत गेले. भूगोलबाईंना गॅस चालू राहिल्यासारखं वाटलं. डेंटिस्टकाकूंना पेशंट आठवला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या सोमवारी आई एकटी मटार सोलत बसली होती. मापक मी तपासणीसाठी पुन्हा घरी आणला होता. फ्रिजवरून तो एकोणचाळीस दाखवत होता. त्यातले अडतीस फ्रिजचेच.

“बोलाव ना त्यांना,” मी म्हणाले.

“बोलावलं. नको म्हणतात. कधी येऊन दारात उभे राहतील, सांगता येत नाही. सारखं दाराकडे बघत हसता येतं का कुणाला?” तिने एक शेंग फोडली. “अठरा वर्षं बसत होतो गं आम्ही. तुझ्या यादीत हे नव्हतं.”

नव्हतं. मी आवाजाच्या रकान्यात ‘वाया जाणारी ऊर्जा’ लिहिलं होतं. ती ऊर्जा तीन मजल्यांना रोज निरोप पोचवत होती, हे मोजायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

बाबांच्याही लक्षात आलं असावं. जेवताना ते म्हणाले, “त्या दोघी येत नाहीत हल्ली?”

“नाही.”

“मी काही बोललो का त्यांना? मी तर पाणी प्यायलो फक्त.”

“तुमचं काही नाही हो. आधी तोफ ऐकू यायची. आवाज आला की आम्ही आवरायचो.”

“म्हणजे मी आलो की आवरायचं?”

आईने वाटी पुढे सरकवली. “अजून वाढू का थोडं?”

त्या रात्री बाबांनी स्कूटरचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. पहिल्या पानापासून. ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारा जगातला पहिला ग्राहक बहुधा तेच असावेत.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्यामुळे आईची बैठक मोडली, तेव्हा ती पुन्हा भरवणं त्यांचं काम. येण्याआधी आवाज व्हायला हवा. मी सुचवलं, फाटकापाशी हॉर्न वाजवा. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टाकीला भोक पाडायला सांगितलं आहे. फाटकावर बोर्ड आहे: ‘येथे हॉर्न वाजवू नये. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ अक्षर बाबांचं आहे. रंगही त्यांनीच दिलेला आहे.

म्हणून आम्ही शोरूमला गेलो. तिथल्या बाईंनी हसून विचारलं, “काय तक्रार आहे सर?”

“आवाज.”

“येतो का? चाकातून की मोटरमधून?”

“येत नाही. तीच तक्रार आहे.”

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. तक्रारींच्या यादीत ‘आवाज येतो’ होतं, ‘जास्त येतो’ होतं, ‘अधूनमधून येतो’ होतं. न येण्याची सोय नव्हती. “अधूनमधून लिहू का?” त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, खोटं कशाला लिहायचं. शेवटी बाईंनी सांगितलं की वेगळा भोंगा किंवा कसलंही यंत्र लावायचं असेल तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी आणा, नाहीतर गाडीची हमी जाईल.

परिवहन कार्यालयात आमच्यापुढे एक बुलेटवाला होता, त्याला आवाज वाढवल्याबद्दल दंड झाला होता. त्याच्यामागे आम्ही, आवाज वाढवायची परवानगी मागायला. कारकुनाने आम्हाला दोनदा बोलायला लावलं.

“आवाज कमी करायचा अर्ज आहे,” तो म्हणाला. “वाढवायचा नाही. वाढवायला कोण येतं हो परवानगी मागायला?”

“मी आलोय.”

“पण कशासाठी?”

“मी येतोय हे घरच्यांना कळावं म्हणून.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती आली. त्याने काय अर्थ लावला कोण जाणे. “काका,” तो हळूच म्हणाला, “निघताना एक फोन करायचा. मी तेच करतो.”

“मी ऑफिसातून निघतो आणि वाटेत टाक्या तपासतो. निघाल्यावरून पोचण्याचं कळत नाही. आणि गाडी चालवताना फोन करा असं परिवहन खातं सांगतंय का?”

मागच्या रांगेतले लोक पुढे सरकून ऐकायला लागले. कारकून लाल झाला. आम्ही परत आलो.

त्या रविवारी बाबा माहितीपुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर पोचले आणि तिथे त्यांना उत्तर मिळालं. विजेची स्कूटर मागेही जाते. आणि मागे जाताना ती पीप पीप करते. हा हॉर्न नव्हे. हा उत्पादकाने दिलेला सुरक्षा-संकेत आहे. फाटकावरच्या बोर्डात त्याला मनाई नाही. त्यांनी खाली जाऊन बोर्ड पुन्हा वाचून खात्री केली.

सोमवारी संध्याकाळी ते फाटकाबाहेर थांबले, स्कूटर वळवली, आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हेल्मेटसह मान मागे वळवून चालण्याच्या वेगाने पाठमोरे आत यायला लागले. पीप. पीप. पीप.

पाहता पाहता बाल्कन्या भरल्या. सल्ले सुरू झाले.

“डावीकडे घ्या, डावीकडे!” बागवाले काका.

“कुणाची डावी?” बाबा.

“तुमची!”

“अहो, उलटं असताना माझी डावी आता उजवी झालीय!”

“नाही हो,” भूगोलबाई शिकवण्याच्या आवाजात म्हणाल्या, “माणूस कुठेही तोंड करून बसला तरी डावी ती डावीच. दिशा बदलतात. पूर्वेकडे या!”

बाबा पूर्वेकडे आले. पूर्वेला बाबागाडी होती. तिला धक्का बसला, ती मातीसकट निघाली, अंगणाच्या उतारावरून (गावात चढ नाही, पण अंगणात उतार आहे, हे भूगोलबाईंनी नंतर मुद्दाम लक्षात आणून दिलं) थेट फाटकाला जाऊन धडकली आणि उलटली.

मी स्वयंपाकघरात मापकापाशी होते. पीप पीप, फ्रिजवर: चव्वेचाळीस डेसिबल. आईला ते ऐकूच आलं नाही. तिने ऐकली ती बाबागाडी.

मी आणि बाबा खराट्याने माती गोळा करत होतो तेव्हा बागवाले काका वरून म्हणाले, “हे शास्त्र घरात आणलं की असंच होतं. तोफ बरी होती.” कुणी हसलं नाही. मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात गच्चीवरच्या टाकीची झडप अडकली आणि बाबांनी प्लंबरला बोलावलं. बाबा त्या दिवशी उशिरा येणार असं आईला सांगून गेले होते, पण एका टाकीचं काम रद्द झालं, म्हणून त्यांनी मला प्रयोगशाळेतून घेतलं आणि आम्ही दोघं नेहमीच्या वेळीच पोचलो. अर्थातच आवाज न करता.

बाबा प्लगपाशी वाकून वायर लावत होते. तेवढ्यात वरून आमच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. बाबा उशिरा येणार म्हटल्यावर बैठक भरली होती. आधी डेंटिस्टकाकूंचं बारीक हसणं, मग भूगोलबाईंचं थांबत थांबत येणारं, आणि त्यांच्या वर, त्यांना झाकून टाकणारं तिसरं. मोकळं, श्वास लागेल असं.

बाबा वायर हातात धरून तसेच वाकून राहिले. “हे कोण?”

“आई.”

“आपली?”

“हो.”

ते ऐकत राहिले. आणि मग बेकरीच्या कोपऱ्यावर तोफ वळली.

जे पुढे झालं ते मी खालून कधी पाहिलेलं नव्हतं, बाबांनी पाहणं तर शक्यच नव्हतं. जुन्या सवयीने पहिल्या मजल्यावरची नळी फुसकन बंद झाली आणि तिथे मग्गा आला. भूगोलबाईंच्या घरातून कुणीतरी बाहेर येऊन अंगणातला चुरा पायाने झाडाखाली सारला. जिन्यातला दिवा विझला. आणि आमच्या खिडकीतलं हसणं अर्ध्यावर थांबलं. हळूहळू विरलं नाही. नळ बंद करावा तसं थांबलं. मग कप विसळल्याचा आवाज.

तोफ फाटकातून आत आली. वर पाइप बांधलेले, मधे प्लंबर. तिने दोनदा खोकून दम सोडला.

“नमस्कार साहेब,” प्लंबर म्हणाला. “एक सांगू? तुमच्या बिल्डिंगमधली माणसं फार शिस्तीची बघा. मी आलो की सगळे कामाला लागतात. आमच्या घरी मी गेलो तर मांजर पण उठत नाही.”

बाबांनी त्याला टाकीची झडप बघायला वर पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “रोज असंच व्हायचं?”

“रोज.”

“आणि मला वाटायचं, घर शांत आहे.”

मी म्हणाले, “प्लंबर तोफ परत देईल, बाबा. मी विचारलंय त्याला. म्हणजे त्या दोघी पहिल्यासारख्या येत जातील.” हे मी विचारलं होतं खरं. सहा फायदे एका बाजूला ठेवून, मान खाली घालून विचारलं होतं.

“येतील, आणि मी आलो की जातील.” त्यांनी वायर प्लगमध्ये घातली, हिरवा दिवा लागला. “नको. तुझी गाडी बरोबर आहे. किती होतं ते?”

“काय?”

“तिचं हसणं. किती डेसिबल?”

“मोजलं नाही मी कधी.”

“मोज,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बेकरीतून बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि दार वाजवत फिरले. “आज आमच्याकडे या. मीही आहे.” भूगोलबाईंना वाटलं, चुऱ्याबद्दल बैठक आहे. डेंटिस्टकाकूंना वाटलं, पार्किंगबद्दल. दोघीही आल्या, कारण सेक्रेटरींनी बोलावलं की यावं लागतं. आमच्या स्वयंपाकघरात त्या दाताच्या खुर्चीत बसल्यासारख्या ताठ बसल्या. आई ओट्याला टेकून उभी, हाताची घडी. बिस्किटांना कुणी हात लावला नाही. मी खिडकी उघडली आणि फ्रिजवरचा मापक सुरू केला. चाळीस.

बाबा उभे राहिले. घसा खाकरला. “त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल बोलायचं आहे,” ते म्हणाले.

“अहो, जाऊ दे ना,” आई म्हणाली.

“जाऊ दे कसं? त्यात चुका होत्या.” त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, एक हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला धरला. “एक म्हणजे, मी ‘नागरिकहो’ म्हणत नाही. मी ‘सभासदहो’ म्हणतो.”

भूगोलबाई टेबलाकडे बघत होत्या.

“दोन. थेंब टाकीपाशी नव्हता, नळापाशी होता. आणि तीन, ‘अपव्यय’ मी एकदाच म्हणतो.”

“एकदाच?” आईच्या तोंडून निघून गेलं. “चार वेळा म्हणता! आणि प्रत्येक वेळेला असं वर येता, चवड्यांवर.”

“मी चवड्यांवर येत नाही.”

“आत्ता आला आहात.”

बाबांनी खाली बघितलं. ते टाचा उचलून उभे होते. डेंटिस्टकाकूंनी घाईघाईने एक बिस्किट तोंडात कोंबलं.

“मग नीट करून दाखव,” बाबांनी पेला आईपुढे धरला.

आईने घेतला नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ, मला माहीत नसलेल्या कुठल्यातरी मोजपट्टीने मापून बघितलं, आणि मग पेला घेतला. “सभासदहो!” ती जाड आवाजात म्हणाली आणि चवड्यांवर आली. बाबाही तिच्या शेजारी चवड्यांवर आले. “अपव्यय!” “जोरात म्हण, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.” “अपव्यय!” “अजून एकदा, मी चार वेळा म्हणतो ना?” आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या बाल्कनीतून नळीचा सूं सूं आवाज यायला लागला.

बाबा खिडकीपाशी गेले. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, पाठीमागे हात घेतला आणि आपल्या खऱ्या, रोजच्या, इमारतीला ठाऊक असलेल्या आवाजात ओरडले, “स-भा-स-द-हो!”

खाली मग्गा पडला. तो अंगणात तीनदा आपटला.

“अहो, पण तुम्ही आलात कधी?” खालून काकांचा आवाज आला. “आवाज कसा नाही आला?”

आई ओट्याला धरून खाली बसली. भूगोलबाईंनी पदर डोळ्यांना लावला, डेंटिस्टकाकूंच्या तोंडातून बिस्किट उडालं, आणि बाबा खिडकीतून आत वळले तेव्हा त्यांचा चष्मा गालावर आला होता आणि खांदे हलत होते.

खिडकी उघडी होती. फ्रिजवरच्या मापकावरची सर्वोच्च नोंद: ब्याऐंशी डेसिबल.